लुटणे

सुरत म्हटलं की मराठी माणसाला पुढचं क्रियापद शोधावं लागत नाही. शिवाजी महाराजांनी ती जानेवारी १६६४ मध्ये आणि ऑक्टोबर १६७० मध्ये लुटली. पहिल्या वेळी जॉर्ज ऑक्झेंडनच्या हाताखाली इंग्रज आपली वखार लढवत होते. तेव्हा इंग्रजीला ‘लूट’ हा शब्द सुरतेनेच दिला, असं म्हणण्याचा मोह होतो. पण तो तिकडच्या कोशांत शिरला अठराव्या शतकाच्या अखेरीस, आणि तोही हिंदीच्या खात्यावर.

मूळ संस्कृत ‘लुण्ट्’. गुजरातीने त्यातला अनुनासिक जपला, म्हणून सुरतेत उत्तरायणाला कापलेले पतंग ‘लूंटतात’. आपण तो टाकला, पण क्रियापदाला भलतंच वळण दिलं. मजा लुटतो, मैफल लुटतो, दसऱ्याला आपट्याचं सोनं लुटतो. इथवर घेणंच आहे. संक्रांतीच्या हळदीकुंकवात मात्र बायका वाण लुटतात, म्हणजे चक्क वाटतात! बोरन्हाणात तर बोरं-चुरमुरे एकजण ओततो, पोरं झडप घालतात, आणि दोघांचंही लुटणंच. इंग्रजांनी नेला तो फक्त दरोड्याचा अर्थ.