प्रमा

न्यायदर्शनात यथार्थ अनुभवाला प्रमा म्हणतात. वस्तू जशी आहे तशी कळणे ही प्रमा. शिंपल्याच्या जागी चांदी दिसणे हा भ्रम. संशय प्रमेत मोडत नाही. स्मृतीही वगळतात, कारण ती आधीच्या अनुभवाच्या संस्कारातून उपजते. प्रमेचे साधन ते प्रमाण. नैयायिक प्रत्यक्ष, अनुमान, उपमान व शब्द ही चार प्रमाणे मानतात, तर चार्वाकांना प्रत्यक्ष तेवढे मान्य आहे. मिथिलेच्या गंगेशाने १४ व्या शतकात तत्त्वचिंतामणीचे चार खंड या चार प्रमाणांनुसारच पाडले.

अनुभव खरा निघाला एवढ्याने तो प्रमा ठरतो का, हा यातला सर्वांत अवघड प्रश्न. १२ व्या शतकात श्रीहर्षाने खंडनखंडखाद्य या ग्रंथात तो धारदारपणे मांडला. एकाने मुठीत कवड्या झाकून ‘किती?’ असे विचारले. दुसरा अंदाजाने ‘पाच’ म्हणाला आणि मुठीत पाचच निघाल्या. उत्तर बरोबर आले, पण कवड्या किती हे त्याला ठाऊक होते असे म्हणता येत नाही. धुक्याचे उदाहरण याहून बिकट आहे. धुके पाहून कोणी ते धूर समजतो, त्यावरून अग्नीचे अनुमान करतो, आणि तेथे योगायोगाने अग्नी असतोच. हा नुसता अंदाज नव्हे. अनुमानाला हेतू, म्हणजे आधार, आहे, पण तो हेतूच खोटा आहे.

एडमंड गेटियर या अमेरिकी तत्त्वज्ञाने १९६३ मध्ये तीनच पानांच्या लेखात याच जातीची उदाहरणे देऊन ‘समर्थनीय सत्य विश्वास म्हणजे ज्ञान’ ही व्याख्या अपुरी ठरवली. तरी श्रीहर्षाला गेटियरचा पूर्वसूरी म्हणून सोडून देणे अन्यायाचे आहे. त्याला व्याख्या दुरुस्त करायची नव्हती. प्रमेची कोणतीच व्याख्या टिकत नाही, हे त्या अद्वैत्याला दाखवायचे होते आणि त्याची झेप म्हणूनच मोठी आहे.

प्रमेचे प्रामाण्य कसे कळते, यावरही मोठा वाद आहे. मीमांसक ते स्वतःसिद्ध मानतात. नैयायिकांच्या मते ते परतः, म्हणजे बाहेरून कळते: तहानलेला माणूस दिसलेल्या पाण्याकडे जातो, ते पितो, तहान भागते आणि मगच आपल्याला दिसले ते पाणीच होते असे ठरते.

मूळ संज्ञांसाठी भीमाचार्य झळकीकरांचा न्यायकोश पाहावा. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी सुधारलेली त्याची आवृत्ती पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९२८ मध्ये काढली.