कौतुक स्पीलबर्गचं, दुरुस्ती डी पामाची

'स्टार वॉर्स'च्या सुरुवातीला ती पिवळी अक्षरं वर वर सरकत लांब जातात ना, त्यामागची गोष्ट मला फार आवडते.

जॉर्ज लुकस दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असताना, १९६७ साली, त्याने १५ मिनिटांची एक फिल्म केली. नाव काय, तर 'इलेक्ट्रॉनिक लॅबिरिंथ टीएचएक्स ११३८ ४ईबी'! (आम्ही फाईलला सुद्धा असं नाव देत नाही.) १९६८ च्या राष्ट्रीय विद्यार्थी चित्रपट महोत्सवात तिने बक्षीस पटकावलं. ती पाहून स्टीव्हन स्पीलबर्ग नावाचा दुसरा विद्यार्थी चक्क जळला, हे त्यानेच पुढे सांगितलंय. पण नुसता जळत बसला नाही, दोस्ती केली.

ही दोस्तमंडळी पुढे कामी आली. १९७७ च्या सुरुवातीला लुकसने 'स्टार वॉर्स'चा कच्चा कट मित्रांना घरी दाखवला. इफेक्ट्स अर्धवट, अंतराळयुद्धाच्या जागी दुसऱ्या महायुद्धातली विमानं! स्पीलबर्ग खूश. ब्रायन डी पामाने मात्र यथेच्छ टर उडवली. सुरुवातीचा लांबलचक मजकूर तर त्याला अजिबात पटला नाही. आणि मग समीक्षक जे कॉक्सबरोबर बसून तो मजकूर त्याने नव्याने लिहायला मदतही केली.

आमच्या धंद्यात याला कोड रिव्ह्यू म्हणतात. 'मस्त जमलंय' म्हणणारे शंभर भेटतात. चूक दाखवून ती निस्तरायला शेजारी बसणारा एखादाच. स्पीलबर्गच्या कौतुकाने लुकसला धीर आला असेल. पण पडद्यावर आजही दिसतं ते डी पामाच्या टोमण्यांचं फळ.