सॉलिड स्टेट ड्राइव्ह : हिस्से व रिक्त जागेची व्यवस्था

फ्लॅश स्मृतीच्या चिपांवर माहिती साठविणाऱ्या सॉलिड स्टेट ड्राइव्हचे, म्हणजे प्रचारातील एसएसडीचे, एकाहून अधिक हिस्से पाडले असता त्यांतील रिकामी जागा किती, कोठे व कोणत्या स्थितीत राखावी, यासंबंधीची व्यवस्था.

तोशिबा कंपनीतील जपानी अभियंते फुजिओ मासुओका व त्यांचे सहकारी यांनी १९८७ मध्ये जगापुढे मांडलेल्या नँड फ्लॅशचा मूळ धर्मच असा, की तीत लेखन लहान पानांवर होते, खोडणे मात्र शेकडो पानांच्या अख्ख्या खंडाचे एकदमच करावे लागते. त्यामुळे बदललेला मजकूर नव्या पानावर लिहून जुने पान रद्द ठरवावे लागते, आणि पुढे सवडीने नियंत्रक चिप त्या खंडातील उपयुक्त पाने अन्यत्र हलवून खंड साफ करते. हाताशी साफ खंड थोडे उरले, की ही हलवाहलव वाढते, लेखन मंदावते आणि चिपांची झीजही अधिक होते. म्हणून एकूण क्षमतेच्या दहा ते वीस टक्के जागा मोकळी ठेवण्याचा प्रघात आहे.

ही मोकळी जागा कोणत्या हिश्शात आहे, याला नियंत्रकाच्या लेखी महत्त्व नसते. सात-बाऱ्यावर पोटहिस्से पडावेत, पण वहिवाट सामाईकच राहावी, तशी ही स्थिती आहे. सी आणि डी या हिश्शांमधील हद्द हिस्से नोंदविणाऱ्या कोष्टकापुरती असून प्रत्यक्ष मजकूर सर्व चिपांवर विखुरलेला असतो.

विंडोजला मात्र ती हद्द काटेकोरपणे पाळावी लागते, आणि खरी अडचण येथेच उद्भवते. चिखली, मेहकर वा खामगाव येथील एखाद्या सेवा केंद्रातील संगणकावर विक्रेत्याने सी हिस्सा १०० जीबींचा करून दिलेला असला, तर अद्यतने, डाउनलोड व स्कॅन केलेले दाखले यांनी तो काठोकाठ भरतो आणि शेजारचा डी बहुतांशी रिता राहतो. अशा वेळी डी आक्रसून सी वाढविण्याचा विचार साहजिकच सुचतो. परंतु आक्रसल्याने सुटणारी जागा डीच्या उजव्या अंगास पडते आणि विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटला सी वाढविण्यास लगतचीच जागा लागते. सबब डी रिकामा करून हटवावा लागतो, किंवा अन्य साधनाने सरकवावा लागतो. माझ्या मते एसएसडीवर मुळात एकच मोठा हिस्सा ठेवणे सर्वांत हितावह.

हटविलेल्या फाइलची जागा मोकळी झाल्याची वर्दी ड्राइव्हला ट्रिम या आज्ञेने मिळते. ती विंडोजमध्ये २००९ च्या सातव्या आवृत्तीपासून आली. वापरात असलेला हिस्सा केवळ कोष्टकातून काढून ती जागा विनावाटप ठेवली, तर अशी वर्दी पोहोचेलच असे नाही आणि नियंत्रक जुना मजकूर उपयुक्त समजून जपत राहतो. म्हणून आधी हिश्शातील फाइल पुसून ट्रिम चालवावे, मग हिस्सा हटवावा. ट्रिम झाल्यावर पुसलेली फाइल परत मिळण्याची आशा जवळजवळ उरत नाही.

याकरिता कोणताही फेरबदल करण्यापूर्वी स्वतंत्र नक्कल घेणे अगत्याचे आहे. ती जुन्या एसएसडीवर घेऊन कपाटात ठेवण्याची चाल धोक्याची होय. लेखनमर्यादा संपलेल्या घरगुती एसएसडीने विजेविना ३० अंश सेल्सिअसला एक वर्ष मजकूर टिकवावा, एवढीच जेडेक या संस्थेच्या मानकाची अपेक्षा असून उष्णतेने ही मुदत घटते. मलकापूर, नांदुरा, शेगाव अशा घाटाखालील भागात उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जात असल्याने तेथे नक्कल साध्या हार्ड डिस्कवर ठेवणे अधिक सुरक्षित.