समदुःखी आधार : कोठडीपासून घरापर्यंत

पोलीस, खटला, तुरुंग आणि त्यांच्या जोडीला व्यसन किंवा मनोविकार, या सगळ्यातून स्वतः गेलेल्या माणसाने त्याच वाटेवरच्या दुसऱ्याला दिलेली प्रशिक्षित आणि नियमित सोबत म्हणजे समदुःखी आधार. आरोग्यसेवेत त्याला पिअर सपोर्ट म्हणतात. असा सोबती औषध लिहून देत नाही की वकिली करत नाही. तो तारखेला बरोबर येतो, गोळ्या चुकल्या की विचारतो आणि सुटून आलेल्याची पहिली संध्याकाळ गुत्त्यावर जाऊ नये म्हणून त्याच्या घरी बसून राहतो.

सुरतच्या डिंडोलीत या आधाराची निकड अधिक आहे. जळगाव, धुळे, नंदुरबारकडून यंत्रमाग आणि कापड गिरण्यांत कामाला आलेली खानदेशी कुटुंबे येथे आणि शेजारच्या उधना-लिंबायत भागात मोठ्या संख्येने राहतात. १९४९चा मुंबई दारूबंदी कायदा राज्याच्या विभाजनानंतर गुजरातने चालू ठेवला. तेथे परवान्याशिवाय दारू पिणे हाच गुन्हा आहे. जळगावात ज्याला घरचे लोक दवाखान्यात नेतील, तोच माणूस गाडीने उधन्याला उतरल्यावर आरोपी ठरू शकतो. आजार एकच, पण गाठ आधी पोलिसाशी पडते.

कोठडीत दारू एकदम तुटते. दीर्घकाळ पिणाऱ्याला दोन-तीन दिवसांत थरकाप, झटके, भास होऊ शकतात आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. पहाऱ्यावरच्या माणसाला ते सोंग वाटते. ज्याने स्वतः ते भोगले आहे त्याला पहिल्या थरथरीलाच कळते, आणि तो अहिराणीत बोलणारा असेल तर आजारी माणूस त्याच्यापाशी लवकर मोकळा होतो.

ही पद्धत जुनी आहे. अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस १९३५ साली अमेरिकेत ओहायोत सुरू झाले आणि १९४२ मध्ये सॅन क्वेंटिन तुरुंगात त्याचा गट बसू लागला. वेल्समधील स्वान्सी तुरुंगात १९९१ पासून समॅरिटन्स संस्थेने निवडक कैद्यांनाच ‘श्रोते’ म्हणून शिकवले. भारतात राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २०२३च्या सूचनापत्रात कैद्यांच्या आत्महत्या रोखण्यासाठी प्रशिक्षित कैदी-सोबत्यांचा मार्ग सुचवला. गरज केवढी आहे, याचा अंदाज ‘निम्हान्स’ने २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या बंगळूर तुरुंगाच्या पाहणीवरून येतो. तेथील सुमारे ८० टक्के कैद्यांत मनोविकार किंवा व्यसन आढळले.

मराठी मुलखातला ठळक दाखला येरवड्याचा. येरवडा म्हटले की तुरुंग आणि मनोरुग्णालय दोन्ही आठवतात, तेथेच डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून २९ ऑगस्ट १९८६ रोजी ‘मुक्तांगण’ सुरू केले. व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच तेथे समुपदेशक म्हणून उभे करण्यात आले. मुंबईत ‘टाटा सामाजिक विज्ञान संस्थे’चा ‘प्रयास’ प्रकल्प १९९० पासून कैद्यांच्या पुनर्वसनाचे काम करतो.

गुजरातचा अनुभवही कोरा नाही. २०१४ ते २०१६ मध्ये तेथील सरकारी मनोरुग्णालयांत जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘क्वालिटीराइट्स’ उपक्रमात रुग्ण राहिलेल्या माणसांचा समदुःखी आधार आणला गेला. राष्ट्रीय विधिसेवा प्राधिकरणाच्या योजनेत दीर्घ शिक्षेचे कैदी विधी-स्वयंसेवक होऊ शकतात. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम १०३ नुसार प्रत्येक राज्यात किमान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचार केंद्र हवे. सुटे धागे पुष्कळ आहेत. पण रुग्णालयातला सोबती रुग्णालयात थांबतो, तुरुंगातला तुरुंगात. लाजपोरच्या मध्यवर्ती कारागृहाचा दरवाजा ते डिंडोलीतली खोली, या टप्प्यासाठी मानधनावर नेमलेला माणूस हवा, आणि तो याच वस्तीतून निवडला पाहिजे.

तोवर कुटुंबांनी हे क्रमांक जवळ ठेवावेत : मानसिक आरोग्यासाठी ‘टेलीमानस’ १४४१६, व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१००.