टिचकीच्या शर्यतीचे अडथळे

खेळांचा इतिहास लिहिणारे ग्रंथकार बहुधा नियमांचा आणि विजेत्यांचा इतिहास लिहितात. परंतु ज्या भूमीवर खेळ चालतो ती भूमी कोणी सिद्ध केली, तिच्यावरचे चढउतार कोणाच्या कल्पनेतून निपजले, याची नोंद कोणत्याही दफ्तरात सहसा आढळत नाही. बोटाच्या टिचकीने चकत्या पुढे सारून खेळावयाच्या शर्यतीच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. कारण या खेळाचे खरे वैभव चकतीत नसून, खेळणाऱ्याने स्वहस्ते मांडलेल्या अडथळ्यांत आहे. आणि ते वैभव निर्माण करणारे कारागीर बहुतांशी अल्पवयीन, निर्धन व अनामिक होते.

या शर्यतीचे मूळ साधन एका टाकाऊ वस्तूतून आले. अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी विल्यम पेंटर या संशोधकाने १८९२ साली बाटलीच्या तोंडावर घट्ट बसणाऱ्या, दातेरी काठाच्या आणि आतून बुचाचे अस्तर लावलेल्या पत्र्याच्या झाकणाचे पेटंट मिळविले. या झाकणाला प्रारंभी २४ दाते असत, ते पुढे २१ झाले. बाटली उघडताच हे झाकण निरुपयोगी ठरावे, हाच त्याच्या रचनेचा हेतू होता. परंतु दुकानदाराच्या हिशेबातून जी वस्तू कायमची खारीज झाली, ती स्पेनमधील मुलांच्या मुलखात मोठ्या मानाने दाखल झाली.

त्या देशात सायकलशर्यतींचे वेड फार. स्पेनची राष्ट्रीय प्रदक्षिणा १९३५ साली सुरू झाली, आणि १९५९ साली फेदेरिको बहामोंतेस या तोलेदोच्या सायकलपटूने फ्रान्सची प्रदक्षिणा जिंकली, तेव्हा तसे करणारा तो पहिला स्पॅनिश वीर ठरला. घाटरस्त्यांवरील त्याचे प्रभुत्व असे की, फ्रान्सच्या शर्यतीत पर्वतारोहणाचा बहुमान त्याने सहा वेळा संपादन केला. अशा काळात मुलांनी झाकणात आवडत्या सायकलपटूचे चित्र बसवावे, वजन यावे म्हणून आत मेण भरावे, आणि मातीत वा वाळूत बोटांनी वळणावळणाचा मार्ग आखून त्यावर ही झाकणे टिचकीने पळवावीत, हे स्वाभाविकच होते. मार्गाची हद्द ओलांडणाऱ्या झाकणाला पूर्वीच्या जागी परत जावे लागे. या एका कायद्यावर सारा कारभार चाले. मात्र शर्यत म्हणजे केवळ सपाटी नव्हे, हे त्या मुलांना वर्तमानपत्रांतील घाटांच्या वर्णनांनी शिकविले होते; म्हणून वाळूचे ढीग रचून पर्वत उभे राहिले, पाण्याची डबकी झाली, फळीच्या तुकड्यांचे पूल झाले. दक्षिण अमेरिकेत कोलंबियाची प्रदक्षिणा १९५१ साली सुरू झाली, आणि तेथील गल्लीबोळांतही झाकणांच्या अशाच शर्यती रंगू लागल्या.

हा रस्त्यावरील खेळ घरातील मेजावर आला तो बऱ्याच काळाने. जाँ द्यु पोएल यांनी रचलेला लाकडी चकत्यांच्या मोटारशर्यतीचा खेळ १९९०च्या दशकात जर्मनीतील गोल्डसीबर या प्रकाशनसंस्थेने ‘काराबांदे’ या नावाने बाजारात आणला, आणि पुढे फ्रान्सच्या फेर्ती या संस्थेने तो ‘पिचकार’ या नावाने चालविला. त्याच्या मूळ संचात मार्गाचे १६ तुकडे येतात. त्यांपैकी १० वळणाचे आणि ६ सरळ. तुकडे एकमेकांत गुंतवून नाना आकाराचे मार्ग रचता येतात, आणि कडेला बसविलेल्या कठड्यांवरून चकती परतवून वळण साधता येते. मार्गाबाहेर गेलेल्या चकतीने पूर्वस्थळी परतावे, हा मातीतला कायदा येथेही कायम आहे. प्रकाशकांनी उड्या, अरुंद वाटा यांचे पुरवणी संच काढले खरे. परंतु घरोघरच्या खेळाडूंनी त्यांची प्रतीक्षा केली नाही. पुठ्ठा, पट्टी, आगपेट्या, जुनी पुस्तके, लाकडाच्या चिपा, जे हाती लागेल त्यातून त्यांनी घाट, बोगदे आणि पूल उभारले.

या बांधकामाला शास्त्र आहे. सपाट पृष्ठभागावर घसरणाऱ्या चकतीचा आरंभीचा वेग दुप्पट केला तर ती सुमारे चौपट अंतर जाते, म्हणून टिचकीतील अल्प अतिरेकही चकतीला हद्दपार करतो. चढाचा पायथा मार्गाशी एकसंध मिळालेला नसेल, तर चकतीची कड त्या सांध्यावर अडते आणि ती उलटते. म्हणून तेथे जाड पुठ्ठ्यापेक्षा पातळ कागदाची पट्टी बरी. उडीसाठी उतरणीची बाजू चढणीपेक्षा किंचित सखल आणि अधिक रुंद ठेवावी लागते, नाहीतर हवेतून आलेली चकती समोरच्या काठावर आदळते. अरुंद वाट चकतीच्या रुंदीहून जेमतेम मोठी असावी, परंतु तिच्या अलीकडे नेम धरण्यापुरती सरळ जागा सोडावी. अन्यथा कौशल्याची कसोटी न होता नशिबाची सोडत होते. उत्तम अडथळ्याची ओळख एवढीच की, तो अशक्य नसावा आणि त्याला वळसा घालणारी दुसरी, लांबची परंतु निर्धोक वाट असावी, जेणेकरून साहस करावे की सबुरी धरावी, हा निवाडा खेळणाऱ्याच्याच हाती राहील.

महाराष्ट्रातील वाचकाला या खेळासाठी बोटाची निराळी तालीम नको. कॅरमच्या फळीवर बोरिक पावडर भुरभुरून सोंगट्या घरात घालणारी बोटे येथे घरोघर आहेत. कॅरमची फळी मात्र सर्वत्र सारखी आणि गुळगुळीत असावी, असा रिवाज आहे; तिच्यावर खेळणाऱ्याने स्वतः काही रचण्याची मुभा नाही. शर्यतीच्या खेळात ती मुभा पूर्ण आहे, आणि बालकाच्या बुद्धीला तीच अधिक पोषक आहे, असे माझे निश्चित मत आहे. जे मूल घाट बांधते, तो मोडलेला पाहते आणि त्याचा उतार बदलून पुन्हा बांधते, ते पदार्थविज्ञानाचा पहिला धडा गुरूवाचून शिकते. म्हणून पालकांना माझी आग्रहाची विनंती आहे की, तयार संच अवश्य आणावा, परंतु अडथळे विकत आणू नयेत. ते मुलांना स्वहस्ते बांधू द्यावेत.