तगर ते पागोटे

सोलापूरच्या पूर्वेला असलेल्या जळकोट गावावरून जाणारा राष्ट्रीय महामार्ग 65 पूर्वेला थेट समुद्राला भिडतो. हैदराबाद आणि विजयवाडा मागे टाकून तो मच्छलीपट्टणमला, म्हणजे कुतुबशाहीच्या जुन्या बंदराला पोहोचतो. पश्चिमेला मात्र हाच रस्ता पुण्यात संपतो. त्याच्यापुढे सह्याद्री उभा आहे आणि सह्याद्रीच्या पायथ्यापलीकडे न्हावा-शेवाचे बंदर. पठारावरचा माल बंदरात कसा उतरवायचा, हा प्रश्न या मुलखाला दोन हजार वर्षांपासून पडलेला आहे.

त्याचा सर्वांत जुना पुरावा जळकोटच्याच जिल्ह्यात आहे. संत गोरोबाकाकांचे तेर म्हणजेच प्राचीन तगर. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक दर्यावर्दी ग्रंथात तगरचे नाव येते. पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर ते असल्याचे त्यात म्हटले आहे. तिथले जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत लादून, धड रस्ताही नसलेल्या प्रदेशातून भडोचला नेत. भडोच सध्याच्या गुजरातेत, म्हणजे वाट केवढी लांबची! जवळची बंदरे कोकणात होती, पण तिकडे उतरायचे तर घाट आडवा येई. जुन्नरहून कल्याणकडे उतरणाऱ्या नाणेघाटात सातवाहनांचे शिलालेख आणि दगडी रांजण अजूनही पाहायला मिळतात. त्या रांजणात जकातीची नाणी टाकत, असे लोक पिढ्यान् पिढ्या सांगत आले आहेत. या उभ्या उतारावर बैलगाडीचे काम नव्हते. माल उतरायचा तो बैलांच्या पाठीवरून.

ही रीत फार काळ टिकली. लमाणांचे तांडे बैलांवर गोणी लादून धान्य खाली नेत आणि मीठ वर आणत. 1804 मध्ये जनरल वेलस्लीने तोफा चढवण्यासाठी बोरघाटाची वाट सुधारून घेतली, पण चाकाच्या गाडीला नीट चढता-उतरता येईल असा रस्ता झाला तो 1830 मध्ये. मुंबईचा गव्हर्नर जॉन माल्कम याच्या हस्ते तो खुला झाला. त्या काळी मुंबईचा प्रवासी होडीने पनवेल गाठायचा आणि खुष्कीचा रस्ता तिथून सुरू व्हायचा. आज कंटेनरच्या कोंडीसाठी ओळखले जाणारे पनवेल तेव्हा स्वतःच बंदर होते.

डोंगर वळसा घालून चढण्याऐवजी फोडून पार करायचा, हे बोरघाटात प्रथम केले रेल्वेने. काम 1856 मध्ये सुरू झाले. पंधरा-सोळा मैलांत 1831 फूट चढायचे होते आणि त्यासाठी 25 बोगदे खोदावे लागले. फेव्हिएल नावाच्या कंत्राटदाराकडे काम होते. मजुरीच्या थकबाकीवरून 1859 मध्ये मजुरांचा उद्रेक झाला आणि पुढे त्याने काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल काही आठवड्यांतच वारला. तेव्हा त्याची पत्नी अ‍ॅलिस हिने कंत्राट स्वतःच्या नावावर चालू ठेवले आणि दोन अभियंत्यांच्या मदतीने ते तडीस नेले. 1861 मध्ये घाटात एकाच वेळी सुमारे 42,000 माणसे राबत होती. पटकी आणि तापाने त्यांतली हजारो गेली. अ‍ॅलिसचे नाव इतिहासात उरले याचा आनंद आहेच, पण कातळ फोडता फोडता मेलेल्या त्या माणसांची नावे कुठेच नाहीत, हे कुठल्याही बोगद्याविषयी लिहिताना विसरता येत नाही. एप्रिल 1863 मध्ये मार्ग खुला झाला. अमेरिकेतल्या यादवीमुळे तेव्हा मुंबईच्या कापसाला सोन्याचे मोल आले होते.

सोलापूरला रेल्वे आली होती, पण जळकोट सोलापूरच्या पूर्वेला, निजामाच्या मुलखात. मधे राज्याची सीमा होती आणि करोडगिरीची, म्हणजे संस्थानी जकातीची, नाकी होती. ही सीमा मोडली तीही याच रस्त्यावर. हैदराबाद संस्थानाविरुद्धच्या कारवाईत 13 सप्टेंबर 1948 च्या पहाटे सोलापूरहून निघालेल्या भारतीय फौजेने नळदुर्गजवळचा बोरी नदीचा पूल ताब्यात घेतला. सकाळी नऊच्या सुमारास रणगाडे जळकोटला पोहोचले आणि दुपारी फौज उमरग्यात होती. लष्करी इतिहासात जळकोटचे नाव येते ते या एका सकाळीपुरते.

यानंतर बंदरच जागचे हलले. मुंबईच्या गोदीत जागा पुरेना, म्हणून खाडीपलीकडे न्हावा-शेवाला नवे बंदर झाले आणि 26 मे 1989 रोजी ते सुरू झाले. आज देशातल्या सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांत त्याची गणना होते. वर घाटात 2002 पर्यंत द्रुतगती महामार्ग पूर्ण झाला आणि त्याच्या बोगद्यांनी ट्रेलरची चढण सोपी केली.

पण अडचण आता घाटाखाली सरकली. पळस्पे फाटा, कळंबोली आणि पनवेल इथल्या गर्दीमुळे बंदरापासून द्रुतगती महामार्गापर्यंतच्या थोडक्या अंतराला दोन ते तीन तास लागतात. त्यावर केंद्रीय मंत्रिमंडळाने 19 मार्च 2025 रोजी पागोटे ते चौक हा 29.219 किलोमीटरचा सहापदरी रस्ता मंजूर केला. खर्च 4500.62 कोटी रुपये. त्यात दोन बोगदे आहेत. लांबलचक कंटेनर गाड्यांना डोंगराची वळणे न घेता सरळ जाता यावे, हा त्यांचा हेतू.

पागोटे हे नाव उरण तालुक्यात नुसते नकाशावरचे नाव नाही. नवी मुंबईसाठी सरकारने घेतलेल्या जमिनींना रास्त भाव मिळावा म्हणून दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले होते. 16 आणि 17 जानेवारी 1984 ला दास्तान फाटा आणि पागोट्याच्या परिसरात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच जण हुतात्मा झाले. प्रकल्पग्रस्तांना विकसित जमिनीतला साडेबारा टक्के हिस्सा देण्याचे तत्त्व त्या लढ्यातून पुढे आले. दर जानेवारीत तिथे आजही अभिवादनाला माणसे जमतात.

या पागोट्यातून निघणारा नवा रस्ता चौकला जुन्या मुंबई-पुणे मार्गाला मिळेल. तिथून खोपोली आणि खोपोलीच्या पुढे बोरघाट. पुण्यानंतर मात्र आडवा डोंगर नाही. सोलापूर, नळदुर्ग, जळकोट.