जिग हेड आणि सॉफ्ट प्लास्टिक वर्म म्हणजे काय? वेल्ह्याच्या धरणांवर ते चालतं का?

तुमच्या रील्समध्ये हा व्हिडिओ एकदा तरी आला असेलच. एक अमेरिकन माणूस बोटीत बसून रबरी गांडूळ पाण्यात सोडतो, काठी दोनदा हलवतो आणि मोठ्ठ्या तोंडाचा हिरवट मासा बाहेर काढतो. मग आपण ऑनलाइन ॲपवर जातो, तसलंच पाकीट मागवतो आणि रविवारी पानशेतला किंवा गुंजवणीला जाऊन दिवसभर टाकत बसतो. हाती शून्य. मीही हेच केलंय. आज हे प्रकरण नीट समजून घेऊया.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. व्हिडिओतला तो मासा म्हणजे लार्जमाउथ बास. तो मूळचा उत्तर अमेरिकेतला. जपानमध्ये तो १९२५ साली आशी तलावात आणून सोडला आणि पुढे इतका पसरला की २००५ पासून तिथे तो जिवंत नेणं किंवा दुसरीकडे सोडणं हा गुन्हा आहे. गंमत म्हणजे जगातला सर्वात मोठा बास म्हणून १९३२ चा अमेरिकेतल्या जॉर्जियाचा मासा आणि २००९ चा जपानच्या बिवा तलावातला मासा असे दोन्ही बरोबरीत नोंदले आहेत, दोन्ही साधारण १०.१ किलोचे. आपल्या धरणांत हा मासा नाही. हॉटेलात मिळणारा ‘बासा’ तर बिलकुल हा नव्हे, तो पंगासियस, मिशीवाल्या माशांच्या जातीतला. आपल्याकडे बास हे नाव ज्याला शोभतं तो कोकणातल्या खाड्यांमधला जिताडा, ज्याला इंग्रजीत एशियन सी बास म्हणतात. तोही रबरी आमिषावर येतो, पण वेल्ह्यातून खाडी लांब.

मग वेल्ह्यात काय? (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, पण आमच्या तोंडात अजून वेल्हेच बसलंय.) आंबी नदीवर पानशेत, मोसेवर वरसगाव, तोरण्या-राजगडाच्या बाजूला गुंजवणी आणि शेजारच्या भोर तालुक्यात भाटघर व नीरा देवघर. या पाण्यात रबरी गांडुळावर खरोखर झडप घालणारा मुख्य मासा म्हणजे मरळ. त्यानंतर खडस, म्हणजे दख्खनचा महसीर, आणि तळाशी हिंडणारे शिंगाळ्यासारखे मिशीवाले मासे. कटला-राहूच्या आशेने हे घेऊ नका. कटला पाण्यातलं बारीक प्लवक गाळून खातो, त्याला गांडुळाच्या नाचात काडीचा रस नाही. त्याला कणकेचा गोळाच लागतो.

वर्म कशापासून बनतो?

१९४९ मध्ये अमेरिकेतल्या ओहायो राज्यात निक क्रीम नावाच्या माणसाने पहिला विकाऊ प्लास्टिक वर्म बनवला असं मानतात. मूळ कल्पना आजही तीच आहे. पीव्हीसीची पावडर एका तेलकट द्रवात मिसळायची. या द्रवाला प्लास्टिसायझर म्हणतात. मिश्रण दुधासारखं पातळ असतं. ते साधारण १७०-१८० अंशांपर्यंत तापवताना आधी घट्ट होतं, मग पुन्हा पातळ होतं, तेव्हा साच्यात ओततात. थंड झालं की लिबलिबीत गांडूळ तयार.

यातला प्लास्टिसायझर लक्षात ठेवा, कारण तो एका जागी थांबत नाही. तो हळूहळू बाहेर झिरपतो. जुन्या पीव्हीसी वायरी कडक किंवा चिकट होतात त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं. वर्म कडक प्लास्टिकच्या स्वस्त डबीत ठेवला तर तो द्रव डबीलाच विरघळवतो. माझी एक डबी अशी तळाशी चिखलासारखी झाली होती. म्हणून वर्म ज्या पाकिटात आला त्याच पाकिटात ठेवायचा. दुसरं, बाजारात टीपीई नावाच्या जास्त ताणल्या जाणाऱ्या मटेरियलचेही वर्म मिळतात. ते सहसा पाण्यावर तरंगतात आणि लवकर फाटत नाहीत. पण टीपीई आणि पीव्हीसी एकत्र ठेवले की दोन्ही वितळून एकच लगदा होतो. पाकिटावर कुठेही हे मराठीत लिहिलेलं नसतं, म्हणून सांगतोय.

काही पीव्हीसी वर्ममध्ये मीठ घालतात. चव हे एक कारण, पण मिठाने वर्म जड होऊन नीट बुडतो, हे जास्त कामाचं.

जिग हेडमध्ये एवढं काय आहे?

जिग हेड म्हणजे गळाच्या डोक्यावर ओतलेला शिशाचा गोळा. पण खरी गंमत गळाच्या नेढ्यात आहे. (राजगडाच्या सुवेळा माचीवर नेढं आहे ना, तेच नाव.) साध्या गळाचं नेढं दांडीच्या रेषेत असतं. जिग हेडमध्ये ते ९० अंशात वर वळवलेलं असतं आणि वजन त्याच्या खाली असतं. त्यामुळे तंगूस ताणला की जड बाजू खाली जाते आणि गळाचं टोक आकाशाकडे राहतं. तळाच्या दगडांवरून ओढताना टोक खाली नसल्यामुळे अडकणं कमी होतं, आणि मासा चावला की टोक त्याच्या वरच्या जबड्यात बसतं. एवढ्याशा वाकवण्याने किती फरक पडतो बघा.

वजनं औंसात लिहिलेली असतात आणि तिथेच सगळे गोंधळतात. १/१६ औंस म्हणजे १.८ ग्रॅम, १/८ म्हणजे ३.५ ग्रॅम, १/४ म्हणजे ७ ग्रॅम. मी बहुतेक वेळा ३.५ वापरतो. वारा असला किंवा उतार खोल असला तर ७. नवखे नेहमी जड घेतात कारण ते लांब जातं. पण जड जिग हेड दगडासारखं खाली जातं आणि माशाला विचार करायला वेळच मिळत नाही. हलकं डोकं सावकाश पडतं, शेपटी थरथरते, आणि बहुतेक चावे तेव्हाच येतात. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पार्श्वरेषा नावाचं इंद्रिय असतं, त्याने त्याला पाण्यातली बारीक हालचाल कळते. गढूळ पाण्यातही त्याला वर्म ‘जाणवतो’ तो त्यामुळे.

वर्म सरळ लावा, बाकी नंतर

वर्म गळाशेजारी धरा. गळ जिथे वळतो ती जागा वर्मवर नखाने खुणवा. मग तोंडातून टोक आत घाला, बरोबर मधोमध दांडीवर चढवत न्या, खुणेपाशी बाहेर काढा आणि वर्मचं तोंड शिशाला टेकेपर्यंत ढकला. पूर्ण वर्म फुटपट्टीसारखा सरळ दिसला पाहिजे. जरा जरी वाकडा झाला तरी ओढताना तो पंख्यासारखा फिरतो आणि तंगुसाला पीळ पडतो.

इथे फोन कामाला येतो. बादलीत पाणी घ्या, वर्म त्यात ओढा आणि फोनवर स्लो मोशन लावून शूट करा. २४० फ्रेम असेल तर उत्तम. डोळ्याला सरळ वाटणारा वर्म किती गटांगळ्या खातो ते लगेच दिसतं. मी आधी दोन महिने वाकडाच वर्म टाकत होतो, हे मला बादलीने सांगितलं.

काठी सहा-सात फुटांची, रील २५०० साइजची पुरते. मुख्य दोरा ब्रेडेड, कारण तो ताणला जात नाही आणि बारीक टकटक हातापर्यंत येते. पुढे दोन-तीन फूट फ्लुओरोकार्बन. त्याचा अपवर्तनांक साधारण १.४२, पाण्याचा १.३३, साध्या नायलॉनचा त्याहून जास्त, म्हणून तो पाण्यात कमी दिसतो. अदृश्य होत नाही, जाहिरातीवर जाऊ नका.

टाकल्यावर तळाला लागेपर्यंत मनात आकडे मोजा. दोरा ढिला पडला की लागलं. काठीचं टोक हळू वर उचला, मग दोरा जेमतेम सैल ठेवून पडू द्या, आणि दोऱ्याकडे बघत राहा. तो बाजूला सरकला किंवा मोजलेल्या आकड्याआधीच थांबला तर मासा आहे. वेलींमध्ये मात्र उघडं टोक दर वेळी हिरवा झुपका घेऊन येतं. तिथे जिग हेड सोडा आणि ऑफसेट गळावर टोक वर्मच्या अंगात लपवून टाका, त्याला टेक्सास रिग म्हणतात.

जागा शोधायला गुगल अर्थ बघा. त्यात जुन्या तारखांच्या उपग्रह प्रतिमा आता फोनवरही दिसतात. पाणी उतरलेल्या उन्हाळ्यातली प्रतिमा काढली की बुडालेल्या शेतांचे दगडी बांध, जुना रस्ता, नदीचं मूळ पात्र, सगळं उघडं दिसतं. पाणी भरल्यावर मासे त्याच बांधांच्या कडेला असतात. ती कोणाची तरी शेतं होती हे बघताना जाणवतं, पण तो वेगळा विषय आहे.

कधी टाकायचा नाही?

हा भाग रील्समध्ये नसतो. दोन वर्षांपूर्वी, पाऊस सुरू होऊन पंधरा दिवस झाले होते. मामाच्या गावाला, धरणाच्या मागच्या अंगाला गवतात पाणी चढलेलं. तिथे पाण्यावर तांबूस डाग दिसला, जणू पाणी उकळतंय. मी वर्म त्याच्या पलीकडे टाकून मधून आणला. तिसऱ्या वेळी हिसका बसला. किलोभराची मरळ! फोटो काढले, स्टेटस टाकलं, घरी आलो.

मामा फोटो बघून म्हणाले, “तिथं पिल्लं व्हती का रं? तांबडी?”

“हो मामा, ढीगभर.”

“मग तू मासा नाय आणला, अख्खी वीण आणली.”

मरळीची पिल्लं सुरुवातीला लालसर-केशरी असतात आणि झुंडीने वर येतात. आई-बाप दोघंही खाली राहून राखण करतात. त्या वेळी ती वर्मवर झेपावते ती भुकेने नाही, पिल्लांत घुसलेलं काहीतरी हाकलायला. म्हणून त्या दिवशी तिला फसवणं इतकं सोपं गेलं. मी दुसऱ्या दिवशी सकाळी मुद्दाम बघायला गेलो. चिलापीचा थवा त्या गवतात घुटमळत होता. तांबूस डाग कुठेच नव्हता. ते स्टेटस मी डिलीट केलं, पण त्याने काय होणार.

तेव्हापासून पावसाळ्यात तांबडा डाग दिसला की मी काठी गुंडाळतो. बाकी दिवसांत मरळ ओळखायची खूण वेगळी: तिला हवा घ्यायला वर यावंच लागतं, त्यामुळे कडेला ‘पुच्’ असा आवाज आणि एखादा बुडबुडा येतो. तिथे टाका.

आता कामाच्या दोन-तीन गोष्टी. धरणांतले मासेमारीचे हक्क सहसा ठेक्याने मच्छीमार सहकारी संस्थांना दिलेले असतात, तेव्हा आधी गावात विचारा. त्यांची जाळी जिथे लागलीत तिथे गळ टाकू नका. भिंतीजवळ आणि सांडव्याखाली जायचंच नाही. उतरत्या पाण्याचा काठ वरून सुकलेला दिसतो, पण खाली मांडीएवढा गाळ असतो, त्यामुळे एकट्याने जाऊ नका.

शिसं दातांनी दाबायची सवय असेल तर आजच सोडा. ते विषारी आहे. हंस मरतात म्हणून ब्रिटनने १९८७ मध्ये गळाची लहान शिशाची वजनं विकायला बंदी केली. टंगस्टनचं जिग हेड महाग पडतं, पण त्याच वजनाला आकार बराच लहान होतो, कारण शिशाची घनता ११.३ तर टंगस्टनची १९.३.

आणि फाटलेला वर्म पाण्यात फेकू नका. तो विरघळत नाही, मासा गिळतो आणि तो पोटात तसाच राहतो. मी शर्टाच्या खिशात टाकतो. धुवायला टाकताना आई तो काढते आणि दर वेळी दचकते.